एरंडोलचं निळं जाकीट

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही कुठे जाता? मामाच्या गावाला? मग आज थोडा वेळ माझ्याबरोबर माझ्या गावाला चला. जळगावच्या स्टँडवरून धुळ्याकडे जाणारी एस.टी. धरायची. खिडकीची जागा मिळाली तर उत्तमच! बांभोरीला गिरणा नदीचा पूल लागतो, मग पाळधी मागे पडतं आणि दोन्ही बाजूंनी कपाशी सुरू होते. दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटून शेतं पांढरी झालेली असतात. 'कापूस हे खानदेशचे प्रमुख पीक आहे' असं आपण शाळेत घोकतो ना, ते वाक्य इथे खिडकीबाहेर पळत असतं. जेमतेम ३० किलोमीटर होतात आणि कंडक्टर आवाज देतो, "एरंडोलवाले, पुढे या!"

हा रस्ता काही साधासुधा नाही बरं का. सुरतहून नागपूरकडे आणि तिथून थेट कोलकात्याकडे जाणारा हा महामार्ग. पूर्वी याला ६ नंबरचा म्हणत, आता त्याचा नंबर ५३ आहे. रात्रंदिवस ट्रक चालू. ट्रक म्हटले की पंक्चर आलं, गॅरेज आलं, चहाची टपरी आली. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, अशाच एका गॅरेजात ३० वर्षं मिस्तरी होते. हे लक्षात ठेवा, कारण ते पुढे लागणार आहे.

तर गेल्या दिवाळीत याच रस्त्याने माझा भाचा पुण्याहून आला. नववीत आहे. उंचीने माझ्या वर गेला आहे, त्यामुळे आम्ही त्याला 'भाचेराव' म्हणतो. भाचेराव एस.टी.तून उतरले ते एक विटका, ढगळ टीशर्ट घालून. एके काळी तो काळा असावा. गळ्याची शिवण सैल झालेली, खांद्याजवळ बारीक भोक आणि छातीवर कुणीतरी घाईघाईने सही करावी तशी इंग्रजी अक्षरं.

माझी आई, म्हणजे त्याची आजी, ओवाळायला दारात आली आणि तबक हातात तसंच धरून थांबली.

"हाई काय शे रे पोऱ्या? फाटेल शे ना!"

(अहिराणी कळते ना? नसेल तर सांगते. 'हे काय आहे रे पोरा? फाटलंय ना!')

भाचेराव नुसते हसले. आई मात्र दिवसभर गप्प होती. संध्याकाळी मला चुलीजवळ बोलावून हळूच विचारलं, जावईबापूंचं काम बरं चाललंय ना? आणि रात्री भाचा झोपल्यावर त्याच्या उशाशी ५०० रुपयांची एक नोट ठेवून आली. सकाळी म्हणाली, "बजारमा जाय आनि चांगला नवा शर्ट लई ये."

आता खरी गंमत ऐका. तो टीशर्ट भाच्याने विकत घेतला होता. कुणीतरी वापरलेला, जुना आणि तोही साडेतीन हजार रुपयांना! दोन वर्षांची ओवाळणी आणि वाढदिवसाचे पैसे साठवून घेतला होता. हे ऐकल्यावर आईचा चेहरा कसा झाला ते लिहून सांगता येणार नाही. तुमच्या आजीला असं काही सांगून बघा, म्हणजे कळेल.

"साडेतीन हजार? आनि तेबी कोनी वापरेल? मरेल मानूसना राहिना तर?"

कुणी मेलेल्या माणसाचा असला तर, असं तिचं म्हणणं. हसू नका. तिच्या लहानपणी वापरलेले कपडे घरात येत ते दोनच वाटांनी. थोरल्या भावंडाचे धाकट्याला, नाहीतर ज्यांच्या घरी काम करायचं त्यांचे उतरलेले. आणि घरातून बाहेर जात तेही ठरलेल्या वाटेने. बोहारीण यायची, डोक्यावर भांड्यांची पाटी. तीन लुगडी आणि एक पँट यांच्यावर एक पातेलं, त्यावर अर्धा तास घासाघीस. जे बोहारीणही घेत नसे त्याची गोधडी व्हायची. गोधडी फाटली की पायपुसणं. माणसाने पैसे मोजून आणायचं ते नवंच. साने गुरुजी आमच्या शेजारच्या अमळनेरला शिक्षक होते, त्यांच्या 'श्यामची आई'मधला श्याम पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो, आठवतं ना? नवा कोट! आईच्या पिढीला माया दाखवायची ती अशी.

भाचेरावांचं शास्त्र मात्र वेगळं. ओट्यावर बसून त्यांनी मला शिकवणी दिली. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे कुणी मला शिकवायला लागलं की मला जरा मजाच वाटते.

त्याच्या टीशर्टवरची ती सही शॉन स्टुसी नावाच्या माणसाची. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन घसरायचा खेळ आहे, तो माणूस या फळ्या तयार करायचा आणि त्यांवर आपली सही करायचा. १९८०च्या सुमारास त्याने तीच सही टीशर्टांवर छापली आणि फळ्यांपेक्षा टीशर्टच जास्त खपू लागले! पुढे १९९३मध्ये जपानच्या टोकियोत 'अ बेदिंग एप' आणि १९९४मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम' अशी दुकानं निघाली. कपडे अगदी साधे, रस्त्यावर चाकांच्या फळ्या फिरवणाऱ्या पोरांचे. पण युक्ती अशी की माल थोडाच काढायचा. मिळाला त्याला मिळाला, बाकीचे हात चोळत बसले. तेव्हाचे ते कपडे आता लोक पोस्टाची तिकिटं जमवावीत तसे जमवतात. फरक एवढाच, की तिकीट कुणी अंगात घालत नाही.

"पण हा खरंच तेव्हाचा कशावरून?" मी विचारलं. आपण गुरुजी-बाई लोक, पुरावा मागणारच!

भाच्याने टीशर्टचा खालचा काठ उलटा केला. तेवढ्यात आई पुढे आली. तिने आयुष्यभर शिलाईचं काम केलेलं आहे. काठ दोन बोटांत धरला, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "एकेरी शिवण शे. आते अशी कोनी मारत नही. आते दुहेरी मारतस."

भाचेराव आ वासून बघत राहिले! कारण जाणकार लोक जुना टीशर्ट ओळखतात तो नेमका याच खुणेने. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच टीशर्टांना बाहीला आणि खाली एकेरी शिवण असे, नंतर दुहेरी आली. त्याने हे मोबाइलवर तासन्‌तास बघून शिकलं होतं. आईने अंगठ्याने सांगितलं.

तेव्हापासून त्या दोघांची गट्टी जमली. भांडण मात्र मिटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पद्मालयाला गेलो. एरंडोलहून १०-१२ किलोमीटर, डोंगराच्या बाजूला, झाडीत. समोर कमळांचं तळं आणि काठावर दगडी गणेशमंदिर. मंदिरात एक नव्हे, दोन गणपती आहेत, एक उजव्या सोंडेचा आणि एक डाव्या. घंटा एवढी मोठी, की लहान मुलांना ती आधी वाजवायची असते आणि गणपती नंतर बघायचा असतो. जवळच्या रानात भीमकुंड आहे. आमच्याकडचे लोक सांगतात, की महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, एरंडोल. भीमाने बकासुराला लोळवलं तेही याच रानात.

तळ्याच्या पायऱ्यांवर बसून आई भाच्याला ती गोष्ट सांगत होती. राजाची पोरं, पण एकचक्रेत राहिली ती गरीब ब्राह्मणाच्या वेषात, भिक्षा मागून. भाचा चटकन म्हणाला, "बघ आजी! राजपुत्रांनीसुद्धा साधे कपडे घातले की नाही?"

"हौस म्हनीसन नही घालात," आई म्हणाली. "लपानं व्हतं त्यासले."

त्यांना लपायचं होतं, हौस म्हणून नाही घातले! बोला आता!

मला मात्र दोघांचंही पटत होतं. कारण हौसेने जाडंभरडं घालणारी माणसं आमच्याच जिल्ह्यात होऊन गेली आहेत. यावल तालुक्यात फैजपूर आहे. डिसेंबर १९३६मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू होते, गांधीजी आले होते, सजावट नंदलाल बोस या थोर चित्रकाराने केली होती. त्या काळात मऊ, तलम कापड परवडणारी कितीतरी घरची तरुण मुलं मुद्दाम खरखरीत खादी घालत. त्यांच्या आयांना ते आवडलं असेल का? पोटाला चिमटा काढून आपण ज्यातून वर आलो, तेच पोरगं पुन्हा अंगावर घेऊन हिंडतंय, असं एखादीला वाटलंच असेल.

आणि योगायोग बघा. त्याच १९३६ साली तिकडे अमेरिकेत लिव्हाइस कंपनीने आपल्या जीनच्या मागच्या खिशाला एक छोटी लाल पट्टी लावायला सुरुवात केली. १९७१पर्यंत त्या पट्टीवरच्या नावात इंग्रजी 'ई' मोठ्या लिपीतला असे, पुढे तो लहान झाला. जमवणारे लोक भिंग घेऊन तो 'ई' तपासतात म्हणे!

जीनचीही गोष्ट सांगायलाच हवी. नेवाडा राज्यात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एक बाई त्याच्याकडे आली. तिचा नवरा अंगमेहनतीचं काम करायचा आणि त्याच्या विजारी सारख्या फाटायच्या. "फाटणार नाही अशी शिवून द्या," म्हणाली. डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे खिळे ठोकले. १८७३मध्ये त्याला आणि कापडाचा व्यापारी लिव्हाय स्ट्रॉस याला त्या युक्तीचं पेटंट मिळालं. म्हणजे मुळात ही एका बाईची, नवऱ्याचं ठिगळ वाचवायची धडपड. अशाच खाणकामगारांच्या काळातली, १८८०च्या दशकातली एक विजार पडक्या खाणीत सापडली आणि २०२२मध्ये लिलावात गेली ८७ हजार डॉलरांना. आपले ७० लाख रुपये! तिच्या आतल्या खिशावर काय छापलेलं होतं माहीत आहे? की ही फक्त गोऱ्या मजुरांनी केलेली आहे. तेव्हा तिकडे चिनी मजुरांचा फार द्वेष करत, त्याची ती खूण. जुन्या कपड्यात मेणबत्तीच्या डागासारखं असंही काही शिल्लक राहतं.

पद्मालयाहून परतताना आई बसमध्ये डुलक्या घेत होती. भाच्याने मला विचारलं, "मावशी, तू लहानपणी जुने कपडे घातलेस?"

आता हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

मी चौथीत होते. आईने एका घरच्या शिलाईच्या हिशेबात थोडे पैसे आणि एक जुना फ्रॉक घेतला. पिवळा, त्यावर पांढरी फुलं. आईने त्याला नवा कॉलर लावला, कंबरेला पट्टा लावला. तो इतका छान दिसत होता, की तो जुना आहे हे मी विसरूनच गेले. गॅदरिंगला घालून गेले. तिथे वर्गातल्या एका मुलीने माझ्या फ्रॉकची खालची दुमड उलटी केली आणि मोठ्याने म्हणाली, "हा माझा आहे! हा बघा माझा शाईचा डाग!" सगळ्या मुली डाग बघायला गोळा झाल्या. ती मुलगी काही वाईट नव्हती. तिला आपला फ्रॉक पुन्हा दिसला म्हणून आनंदच झाला होता. पण मी पूर्ण कार्यक्रमभर ती दुमड मुठीत धरून बसले. घरी येऊन आईला सांगितलं, "हा फ्रॉक काखेत काचतो." पुन्हा घातला नाही.

भाचा जरा वेळाने म्हणाला, "पण मावशी, माझ्या टीशर्टचा कुणी मालक समोर आला तर मला उलट भारी वाटेल."

वाटेलच रे. तुझ्या कपाटात दुसरे दहा आहेत. माझ्या खुंटीवर दुसरा नव्हता.

असो. ती गोष्ट बाजूला ठेवू. खरा प्रसंग तिसऱ्या दिवशी घडला. आई पेटी आवरत होती. लोखंडी पेटी, वर गुलाबाचं चित्र, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. तळाशी आबांचं गॅरेजातलं जाकीट निघालं. जाड निळं कापड, धुऊन धुऊन खांद्यावर आभाळासारखं फिकं झालेलं, खिशाशी ग्रीसचा काळा डाग आणि दोन्ही कोपरांना आईने लावलेली खाकी ठिगळं.

भाचेराव अक्षरशः ओरडले! "आजी, हे असलं जाकीट लोक शोधत फिरतात!"

या कापडाला गॅरेजात डंगरी म्हणतात. ऐकलाय ना शब्द? तो आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून आला. तिथे जाडंभरडं सुती कापड विकलं जाई, ते इंग्रजांनी सतराव्या शतकापासून जहाजांवर भरून नेलं आणि नाव ठेवलं 'डंगरी'. डोक्याला बांधायचा तो 'बँडाना'ही आपल्या बांधणीचाच नातेवाईक! फॅशन म्हणून समुद्रापलीकडून येतं त्यातलं काही असं इथूनच गेलेलं असतं.

पण आईने जाकीट परत पेटीत टाकलं. "हाई नही."

का नाही ते तिने नंतर सांगितलं. आबांनी ते जाकीट घालून कधी बाजारात पाऊल टाकलं नाही. गॅरेजात खिळ्याला एक पांढरा शर्ट टांगलेला असे. संध्याकाळी हातपाय धुवायचे, तो शर्ट घालायचा आणि मगच गावातून घरी यायचं. आमच्या घरात आबांचे सात फोटो आहेत. सगळे पांढऱ्या शर्टातले. ३० वर्षं ज्या कपड्यात राबले त्यातला एकही नाही. "त्यासले लाज वाटे," आई म्हणाली, "आनि तू तेच घालीसन मिरवशी?"

भाचा काही बोलला नाही. दुपारभर पेटीजवळ बसून होता.

एरंडोलबद्दल एक सांगायचं राहिलं होतं, ते मी त्याला तेव्हा सांगितलं. इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्ये आमचं गाव प्रसिद्ध आहे ते जाड्याभरड्या देशी कागदासाठी. तुमच्या मनात येईल, कागदाचा इथे काय संबंध? पण पूर्वी हातकागद कशाचा करत? जुने दोर, फाटकी पोती, चिंध्या. चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, कुटायचं, धुवायचं, पुन्हा कुटायचं. तो लगदा पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर पातळ थर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. अशा कागदावर सावकाराच्या वह्या लिहिल्या जात. एखाद्या कुळाच्या धोतराची चिंधी होऊन त्याच कागदावर त्याचं कर्ज लिहिलं गेलं असेल, कुणी सांगावं!

संध्याकाळी बघते तर आई मशीनपाशी. समोर जाकीट. सोड्यात धुऊन, वाळवून, इस्त्री केलेलं! आणि ती एका कोपराचं ठिगळ उसवत होती. भाचा धावला, "आजी, ठिगळ नको काढू! तेच तर भारी आहे!"

"ठिगळ लाईसन मना नातू बजारमा जाणार नही."

बराच वेळ घासाघीस चालली, बोहारणीशी चालावी तशी. शेवटी तह झाला. उजव्या कोपराला आईने निळ्या कापडाचा तुकडा असा बेमालूम लावला की बोट फिरवूनच कळावं. डाव्या कोपराचं खाकी ठिगळ तसंच राहिलं. ग्रीसचा डाग धुऊनही गेला नव्हताच.

सुईत दोरा ओवता ओवता आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुना पिवळा फ्रॉकना डाग मी तीनदा धुया व्हता. गया नही. मंग दुमडमा लिधा."

मी दचकलेच! "तुला कुणी सांगितलं?"

"तूच ना. काखेत काचतो म्हणालीस." आता ती चक्क प्रमाण मराठीत बोलत होती, माझी नक्कल करत. "मी शिवलेला कपडा काखेत काचत नाही."

भाऊबीजेच्या सकाळी भाचेराव जाकीट घालून बाजारात गेले. वांगी आणायची होती, भरताची. तास झाला, दीड तास झाला, आई चार वेळा दारात जाऊन आली. मग तो आला, एका हातात वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात चहाच्या टपरीवरची भजी.

"आजी, एका म्हाताऱ्या बाबांनी मला हाक मारली. म्हणाले, कोनता गॅरेजवर लागना रे भाऊ?"

"मंग? काय सांगं तू?"

"सांगितलं, हे आजोबांचं आहे. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी भज्यांचे पैसे घेऊच दिले नाहीत."

आईने पिशवीतली वांगी एकेक करून ताटात काढली, दाबून बघितली. "दोन किडेल शेत," म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली. पाचशेची नोट तिने परत मागितली नाही. भाच्यानेही ती मोडली नव्हती. पुण्याला जाताना ती जाकिटाच्या ग्रीसवाल्या खिशात होती.